गुंडेरावांना सांगा

जिंतूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात गुंडेराव बसलेले असले, की कुणाला थेट चहा मागवता येत नसे. वेटर समोर उभा असला तरी आधी गुंडेरावांना सांगायचं, मग ते वेटरला सांगणार. "त्याला कशाला सांगता? मला सांगा. पुढचं मी बघतो." तो वेटरही बेटा त्यांच्याच तोंडाकडे बघायचा! साखर कमी सांगितली, की हटकून जास्त यायची.

नोकरी जिंतूरच्याच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, त्यामुळे ही खोड आणखीच पक्की झालेली. चारठाण्याहून औरंगाबादला बोलायचं, तर फोन जिंतूर, परभणी असा एकेक टप्पा जोडत न्यावा लागे. गुंडेरावांनी आसपासच्या पोस्टमास्तरांना बजावलं होतं, "परभणी-बिरभणी तुमी ध्यानात ठेवायची न्हाई. मुंबई असू द्या न्हाईतर मद्रास, माझं नाव घ्या." बिचाऱ्यांनी खरंच दुसरं काही ध्यानात ठेवलं नाही. एकदा गुंडेरावांना ताप आला, तर चारठाण्याचे पोस्टमास्तर येईल त्याला सांगत होते, "आज बाहेरगाव बंद हाय."

आम्ही हसायचो. पण विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस आले आणि हसू पळालं. मी चारठाण्याच्या शाळेत मास्तर. धाकटा भाऊ मिलिंद औरंगाबादला होस्टेलात. मारहाणीच्या, जाळपोळीच्या बातम्या रोज येत होत्या. आमची बौद्धांची वस्ती दिवसाही दारं लावून बसायची. माय चूल पेटवेना. "पोराची खबर कळल्याबिगर घास उतरायचा न्हाई," एवढंच म्हणायची.

सकाळी तिला घेऊन पोस्टात गेलो. वाटेत ओळखीची माणसं नजर चुकवत होती. आज गुंडेरावांना ताप नसला म्हणजे मिळवली, एवढंच मनात.

होते गुंडेराव जिंतूरला! पण परभणीची लाईन लागेना. शेवटी त्यांनी सेलू, जालना असं गावोगाव विचारत औरंगाबादचं होस्टेल गाठलं. तिकडचा आवाज मात्र इतका बारीक, की आमच्यापर्यंत पोचेना. "लागलं! तुमी मला सांगा, मी त्याला सांगतो."

मायच्या हातातल्या रिसीव्हरला मीही कान लावला. "मिलिंदा, हाईस ना रे?" म्हणाली आणि रडायलाच लागली.

जरा वेळानं गुंडेरावांचा घोगरा आवाज आला, "माय, मी बरा हाय." मग थांबून, "तू जेवलीस का? रडू नको. मी येतो. तवर पोटाला खात जा."

घरी येऊन मायनं चूल पेटवली.

महिन्याभरानं मिलिंद सुखरूप घरी आला. मी म्हटलं, "फोनवर मायला बरा धीर दिलास." तो म्हणाला, "मी कुठं? 'बरा हाय' म्हणलो अन् लाईनच तुटली."

जिंतूरला गेलो तेव्हा गुंडेरावांना विचारलं. त्यांनी बशीतला चहा परत कपात ओतला. मग म्हणाले, "माझी माय परभणीच्या दवाखान्यात होती तवा मी ड्युटीवर. दिवसभर लोकायचे फोन जोडायलो होतो. म्हणलं, आपला मागून लावू. लावला तवर ती गेली होती." आणि वर, "तुमच्या मायला हे सांगू नका हां. पोरगाच बोलला म्हणा."

मला राहवलं नाही, मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला तवाच कळलं होतं. आपल्या मिलिंद्यानं आजवर कवा इचारलंय, जेवलीस का म्हणून?"

मग तव्यावर भाकरी टाकून म्हणाली, "गुंडेरावाला सांग, मी जेवले. अन् इकडं घिऊन ये, त्याचं जेवण राहिलंय."