टिपणीसांचे जपानी

आयुष्यभर मी इतरांचे निबंध तपासले. स्वतः काही लिहिण्याची वेळ आली नाही आणि, खरे सांगायचे तर, तेवढा धीरही झाला नाही. निवृत्तीनंतर, या वयात लेखणी हाती घेणे हा आगाऊपणा आहे, याची मला जाणीव आहे. वाचकांनी तो पोटात घालावा. परंतु ऐरोलीतील आमच्या इमारतीत एक गृहस्थ जपानी भाषा येत नसताना संपूर्ण जपानी मालिका मराठीत समजावून सांगत असत, आणि त्यांच्याविषयी दुसरे कुणी लिहील असे दिसत नाही.

वसंतराव टिपणीस आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. पत्नी पूर्वीच वारलेली, मूलबाळ नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका रसायनांच्या कारखान्यात ते टाइम ऑफिसात, कामगारांच्या हजेरीच्या कामावर होते. तिथे एकदा नवे यंत्र बसवायला जपानी इंजिनियर आले आणि त्यांच्या चहापाण्याची व्यवस्था टिपणीसांकडे आली. त्या उन्हाळ्यात त्यांनी ‘पाणी’, ‘उद्या’ आणि ‘हात लावू नका’ एवढे जपानी आत्मसात केले. पुढचा सारा संसार त्यांनी या भांडवलावर केला.

नव्वदचे दशक नुकते सुरू झाले होते. आमच्या केबलवाल्याच्या तबकडीला कुठून कोण जाणे एक जपानी वाहिनी सापडली. दर गुरुवारी संध्याकाळी तिच्यावर एक चित्रमालिका, म्हणजे कार्टून, लागे. हिंदी नाही, इंग्रजी नाही, पडद्याच्या तळाशी अक्षरेही नाहीत. समुद्राकाठचे एक दीपगृह, तिथे आजोबांजवळ राहणारी आखूड केसांची एक मुलगी, आणि दूर डोंगरावरच्या रुग्णालयात तिची आजारी आई, एवढे चित्रांवरून कळत असे. बाकीचे, त्यांच्या घरी जमलेल्या आम्हा शेजाऱ्यांना, टिपणीस सांगत.

गुरुवारी ते कामावरून येऊन अंघोळ करीत, इस्त्रीचा सदरा घालीत आणि पाहुणे यायचे असावेत तसे खुर्चीत ताठ बसत. मुलीचे नाव त्यांनी कुसुम ठेवले होते, आजोबांचे नाना. दीपगृह बंद पाडायला टपलेल्या जांभळ्या मिशांच्या अधिकाऱ्याला ते ‘ऑडिटर’ म्हणत. ऑडिटर पडद्यावर भरभरून बोले, टिपणीस हात वर करून सांगत, “भावार्थ सांगतो. नाही म्हणतोय.” उलट नाना नुसते खाकरले, तरी भाषांतर असे, “कुसुम, या दिव्यापायी मी हयात घालवली, आणि तू मोजे न घालता वाऱ्यात फिरतेस?”

दुसऱ्या मजल्यावरचे कर्णिक इंजिनियर होते. त्यांना हे सहन होत नसे. “टिपणीस, बास काय! कुसुम दोन वाक्यं बोलली, तुम्ही पाच सांगितलीत.”

“उरलेली तिच्या मनात होती.”

“आणि ती तुम्हाला कळली?”

“तुम्हाला नाही कळली?” टिपणीस खरोखरच्या आश्चर्याने विचारीत.

जवळच्या दिवा गावातून मासळी घेऊन येणाऱ्या बेबीताई फेरी संपली की रिकामी पाटी दाराबाहेर ठेवून उंबऱ्याशी टेकत. त्यांची काळजी वेगळी. “ती पोर जेवली का नाय, ते सांग आदी. मंग तुज्या त्या दिव्याचं सांग.” एकदा त्या म्हणाल्या, “यांचं डोलं का रं येवरं मोटं? पापलेटाला बी नसतं.”

“लहान असते तर एवढं पाणी साठवलं कुठे असतं, बेबीताई?”

अधूनमधून त्या मालिकेत काहीच घडत नसे. एखादा ढग सरके, विजेच्या तारेवर पक्षी बसे, आणि कुसुम नुसती उभी असे. आम्ही चुळबुळ करू लागलो की टिपणीस हळूच म्हणत, “इथे भाषांतर नाही. इथे बघायचं.” माझी नात आज तशाच मालिका तळाची अक्षरे भराभर वाचत बघते. तिला प्रत्येक शब्द कळतो. ढग आला की मात्र ती दृश्य पुढे ढकलते, आणि मला त्या इस्त्रीच्या सदऱ्याची आठवण येते.

आता मिनूविषयी सांगायला हवे. मिनू तळमजल्यावरची, दुसरीत शिकणारी. तिची आई परळच्या रुग्णालयात होती आणि वडील नोकरी सांभाळून तिथे खेपा घालीत. शाळेतून आली की मिनू टिपणीसांकडे येई. तिथेच जेवे, तिथेच अभ्यास करी. मालिका तिने मनावर घेतली होती. कुणी न विचारता तिने एक नियमही ठरवून टाकला होता, “कुसुमची आई बरी झाली ना, की माझी पण होणार.” ती हे सांगे तेव्हा टिपणीस चष्मा पुसत. त्यानंतर त्यांच्या भाषांतरातील डॉक्टर फारच आशावादी झाले. एका भागात कुसुमची आई पलंगावर निपचित पडलेली स्पष्ट दिसत असताना डॉक्टर म्हणाले, “भूक चांगली आहे. काल दोन भाकऱ्या मागितल्या.” कर्णिक वर्तमानपत्र उघडून वाचू लागले.

मिनूच्या आईची शस्त्रक्रिया एका शुक्रवारी ठरली. आदल्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे जमलो. पडदा उजळला, आणि समोर काळ्या पोशाखातील माणसे रांगेने उभी होती. मधोमध पांढऱ्या फुलांत कुसुमच्या आईचे छायाचित्र. पुढे उदबत्तीचा धूर. येणारा प्रत्येक जण वाकत होता, आणि कुसुमच्या त्या प्रचंड डोळ्यांतून पाणी वाहत होते.

उठून संच बंद करावा असे मला वाटले. पण तेवढ्यानेच मिनूला सगळे समजले असते.

“काय झालं?” मिनूने विचारले.

टिपणीसांनी हात वर केला. “भावार्थ सांगतो. कुसुमची आई बरी झाली. तिला नोकरीत बढती मिळाली. हा सत्कार आहे.”

“मग सगळे काळे कपडे घालून का आलेत?”

“सरकारी गणवेश आहे तो.”

“मग कुसुम का रडते?”

“आईची बदली लांब झाली. तिथे शाळा नाही, म्हणून तिला नानांजवळ राहायचं आहे. रडणारच ना.”

मिनूने पडदा नीट न्याहाळला. “पण आई कुठंय? तिचाच सत्कार आहे ना?”

टिपणीस चष्मा काढून पुसू लागले. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला, “आगं, ती गारीत बसली आसंल! बदलीचं सामान का आपापलं चढतंय?”

मिनूचे समाधान झाले नव्हते. ती विश्वासाने कर्णिकांकडे वळली. टिपणीसांची चूक काढावी तर त्यांनीच. “कर्णिककाका, खरंच?”

कर्णिक म्हणाले, “टेन्शन नको घेऊ, मिनू. भावार्थ बरोबर आहे.”

भाग संपल्यावर वडील येऊन मिनूला घेऊन गेले. जिना उतरताना ती त्यांना बढतीची बातमी सांगत होती. बेबीताई पाटी उचलून गेल्या, कर्णिकही गेले. मी कपबश्या गोळा करीत मागे राहिले आणि, स्वभावाविरुद्ध, विचारून बसले, “हे योग्य झालं का हो?”

टिपणीसांनी संच बंद केला. मग म्हणाले, “माझी मॅट्रिकची परीक्षा होती, बाई. मी पेणला मामांकडे राहून पेपर देत होतो. आई गावी आजारी होती. ती सोमवारी गेली. घरच्यांनी ठरवलं, वसंताला पेपर संपेपर्यंत सांगायचं नाही. मामी रोज दही-साखर हातावर ठेवायची आणि आत जाऊन रडायची. मला वाटे, चुलीचा धूर लागतो. शेवटचा पेपर शनिवारी झाला, तेव्हा सांगितलं.”

“राग आला असेल.”

“फार. कित्येक वर्षं मामांशी धड बोललो नाही. पुढे सुमनशी लग्न झालं, तीही गेली, घर रिकामं झालं, आणि एक दिवस लक्षात आलं. भावंडांची आई सोमवारी गेली. माझी शनिवारी. मधले दिवस ती फक्त माझ्यासाठी जिवंत होती. संध्याकाळी मी तिला मनातल्या मनात पेपर कसा गेला ते सांगायचो.” ते किंचित हसले. “एवढे दिवस कुणी कुणाला देतं का?”

मिनूची आई शस्त्रक्रियेतून वाचली, पण घरी आली नाही. दिवाळीआधी ती गेली. वडील मिनूला घेऊन साताऱ्याला आपल्या भावाकडे राहायला गेले. गुरुवारी आम्ही सवयीने एकदोनदा जमलो. टिपणीस भाषांतर करीत नसत. कुणी आग्रह केला तर म्हणत, “माझं जपानी तेवढंच होतं.”

मिनू आज चाळिशीची असेल. त्या संध्याकाळचे तिला काय आठवते, आठवत असेल तर आमच्याविषयी तिला काय वाटते, हे विचारण्याचे धैर्य मला झालेले नाही. म्हणून, ओळख नसताना, तुम्हालाच विचारते. त्या खुर्चीत तुम्ही असता, तर मिनूला काय सांगितले असते?