इंजेक्टरांना हळद-कुंकू

आमच्या नेकनूरच्या घरात नवी वस्तू पूजेशिवाय वापरात येत नाही. मिक्सरला मी कुंकू लावलंय, मोबाइलला लावलंय, गॅसच्या नळीलासुद्धा. अभिमानानं नाही सांगत, पण आजवर एकही वस्तू बिघडलेली नाही.

त्यामुळे जीपचे चार नवे इंजेक्टर आले तेव्हा माझं ताम्हण तयारच होतं. माझ्या लेकीला, चैतालीला, दुसऱ्या दिवशी नर्सच्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. परळीहून संध्याकाळची साडेपाचची रेल्वे चुकून चालणार नव्हतं. मिस्त्री सत्तारभाई सकाळपासून अंगणात इंजिन उघडून बसले होते.

"ह्यातून डिझेल येतं कुठून, भाऊ?"

"टोकाला भोकं हायती, भाभी. केसाहून बारीक."

"दिसत नाहीत."

"म्हणून तर टोप्या घातल्यात. धुळीचा कण बी चालत न्हाई."

मग ते नमाजला गेले. म्हटलं, ते त्यांचं करतात, आपण आपलं उरकावं. कुंकू म्हणजे काही धूळ नव्हे. चारही टोप्या काढल्या. इंजिनात इंजेक्टर बसतात त्या भोकांत तेलकट चिंध्या कोंबल्या होत्या. पूजेला त्या बऱ्या दिसेनात, त्याही काढल्या. इंजेक्टरांना हळद-कुंकू लावलं आणि इंजिनावर मनोभावे अक्षता टाकल्या.

सत्तारभाई परत आले आणि मटकन खालीच बसले.

"भाभी, तांदूळ आत गेले की. किती टाकले?"

"अक्षता कोण मोजून टाकतं, भाऊ?"

"एक दाणा जरी आत ऱ्हायला तरी मी गाडी चालू करणार न्हाई."

चैताली बॅग घेऊन दारात उभी. तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पदर सारखा केला.

सत्तारभाईंनी तारेच्या टोकाचा कॅमेरा भोकातून आत सोडला. मोबाइलवर इंजिनाचं पोट दिसू लागलं, अगदी सोनोग्राफीसारखं. मला राहवेना.

"तो बघा, कोपऱ्यात एक."

"तुमी जरा लांब बसा, भाभी."

त्यांनी पंपानं हवा मारली, तशा अक्षता उसळून त्यांच्याच डोक्यावर पडल्या.

"सत्तारचाचा, लगीन लागलं तुमचं," चैताली म्हणाली.

"एक झालंय बेटा, तेच झेपंना."

पुन्हा कॅमेरा, पुन्हा हवा. सगळे दाणे निघाल्यावर त्यांनी इंजेक्टर तीनतीनदा धुऊन बसवले. तीनला जीप सुरू झाली.

तेवढ्यात शेतातून हे आले. "वा, एका चावीत! पूजा केल्ती ना?"

सत्तारभाई खोकले. हो म्हणावं तर पुढचं सगळं सांगावं लागणार; नाही म्हणावं तर खोटं न बोलण्याचा माझा नेम मोडणार. मी ओठांवर बोट ठेवलं.

"मौन? कधीपासून?"

मौन खरंच होतं. त्याच क्षणी धरलेलं, दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत.

परळीला वेळेत पोचलो. रेल्वे हलली, चैताली खिडकीतून हात हलवत राहिली, आणि मला तिला "पोचल्यावर फोन कर" एवढंही म्हणता आलं नाही. डोळे भरून आले.

शेजारी उभ्या माणसाला हे कौतुकानं सांगत होते, "लई कडक नेम हाय हिचा."