उबेतली बाटली

मांडीवरच्या पिशवीतल्या बाटलीला धसकेराव इतके घाबरले होते की बसचं तिकीट काढायचंही विसरले. खरं नाव त्यांना होतं, पण कारखान्यात ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. टाकीचा काटा जरा हलला की यांच्या छातीत धडकी भरायची, म्हणून धसकेराव.

कारखाना शेतात उरलेल्या काडापासून गाड्यांचं इंधन करायचा. काड वाफेत शिजवून मुरवलं की त्यातून दोन तऱ्हेच्या साखरा सुटतात. साधं यीस्ट त्यातली एक खातं आणि दुसरी लाडावलेल्या पोरासारखी ताटात टाकतं. धसकेरावांच्या वरिष्ठ असलेल्या मॅडमनी उमेदीची वर्षं खर्ची घालून असं यीस्ट तयार केलं होतं, जे दोन्ही साखरा निमूटपणे खाऊन त्यांचं अल्कोहोल करायचं. पण मागच्या आठवड्यात फ्रीझर बंद पडला आणि जपून ठेवलेल्या कुप्यांमधलं सगळं यीस्ट मेलं. त्यात आज दुरुस्तीसाठी कारखान्याची वीज सकाळपर्यंत जाणार होती.

"घरी न्या, उबेत ठेवा, झाकण सैल राहू द्या," मॅडमनी उरलेल्या यीस्टची प्लॅस्टिकची बाटली हातात देत सांगितलं होतं. "हे मेलं तर उद्या मोठ्या टाकीत घालायला काही उरणार नाही. मग कारखान्याला कुलूप, आणि तुम्ही-आम्ही घरी."

मॅडमपुढे धसकेरावांची दातखीळ बसायची. त्यांनी फक्त मान हलवली.

झाकण सैल का, हे त्यांनी आजवर किती नवशिक्यांना शिकवलं होतं. यीस्ट खाता खाता वायू सोडतं, त्याला वाट हवी. पण बसने करकचून ब्रेक मारला, बाटली डचमळली, आणि ती सांडेल या भीतीने धसकेरावांनी सगळी विद्या विसरून झाकण दोन्ही हातांनी आवळलं. घरी गेल्यावर सैल करू, असं त्यांनी ठरवलं.

घरी सासरे येऊन बसले होते. सासरे म्हणजे निवृत्त हेडमास्तर. दारूचा नुसता वास आला तरी ते शेजाऱ्याशी बोलणं सोडत, आणि एका चुलत जावयाशी तर त्यांनी कायमचं सोडलं होतं. आता या बाटलीचं झाकण उघडलं असतं तर घरभर गुत्त्याचा वास सुटला असता. धसकेराव "आलोच" म्हणून आतल्या खोलीत पळाले, हाताला लागला तो लोकरी कपडा बाटलीभोवती गुंडाळला आणि ते गाठोडं कपाटात ठेवलं.

मग बाहेर येऊन ते सासऱ्यांसमोर बसले. सासरे प्रकृतीची चौकशी करत होते. धसकेरावांचं लक्ष कपाटाकडे होतं. उबेत यीस्टला चेव येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते दोनदा काहीतरी निमित्त काढून आत गेले. पहिल्यांदा बाटली टणक लागली. दुसऱ्यांदा तिचं पोट फुगलं होतं, आणि तिला हात लावायचाही त्यांना धीर झाला नाही. आता उघडली तर फवारा उडेल, आणि न उघडली तर काय होईल याचा विचार नको. इकडे आड, तिकडे विहीर.

"जावईबापू, तुम्ही पांढरेफटक पडलात," सासरे म्हणाले. "चला, जरा मोकळ्या हवेत फिरून येऊ. माझा स्वेटर आणतो."

धसकेराव उठेपर्यंत सासरे कपाटापाशी पोचले होते. त्यांनी आपला स्वेटर ओळखला आणि ओढला. गाठोडं धाडकन जमिनीवर आपटलं, आणि असा आवाज झाला की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. बाटली उभी चिरली होती. स्वेटर चिंब भिजला होता, आणि सासऱ्यांच्या मिशीवरून जे ठिबकत होतं त्याचा वास घरभर पसरला.

"कधीपासून?" सासऱ्यांनी शांतपणे विचारलं.

"बाबा, ही दारू नाही. गाडीत घालायचं इंधन आहे."

"गाडी कुठाय तुमच्याकडे?"

धसकेराव काड, वाफ आणि दोन साखरांची गोष्ट सांगत राहिले. तेवढ्यात बायकोने लाजेकाजेस्तव फरशी फिनेलने पुसली, बाटलीवर कढत पाणी ओतून ती केरात टाकली आणि स्वेटर बादलीकडे नेला.

"साबण नको, मरेल ते," धसकेराव किंचाळले. त्यांनी झडप घालून स्वेटर हिसकावला आणि छातीशी धरून ते मटकन खाली बसले. त्यांना रडू फुटलं. सांडल्यावर इतकं हळहळणारा माणूस पुरता वाया गेलेला असतो, अशी सासऱ्यांची खात्रीच पटली. त्यांनी आपली पिशवी उचलली आणि मुलीला सांगितलं, "तुला कधीही वाटलं तर माहेरी निघून ये."

रात्रभर धसकेराव तो स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी घेऊन पडले होते. बायको पाठ करून झोपली. सकाळी ते ती पिशवी घेऊन कारखान्यात आले. बसमध्ये शेजारचा माणूस नाक मुरडून उठून गेला होता. वाटेत त्यांनी माफीची वाक्यं घोकली होती, ती मॅडमच्या केबिनच्या दाराशीच पार विसरली.

मॅडम खुर्चीत नव्हत्या. खिडकीपाशी उभ्या होत्या, आणि त्यांचे केस कधी नव्हे ते विस्कटले होते.

"दार लावून घ्या," त्या हळूच म्हणाल्या. "एक बाटली मीही घरी नेली होती. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमचा भरवसा वाटत नव्हता." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "गाडीत सीटवर सांडेल म्हणून मी झाकण घट्ट लावलं. स्वयंपाकघरात फुटली. आमच्या कामवाल्या बाईंनी छतापर्यंत सगळं फिनेलने धुऊन काढलं."

धसकेराव आ वासून बघत राहिले. मॅडमची नजर त्यांच्या हातातल्या पिशवीवरून हलत नव्हती. आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाला इतकं घाबरलेलं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"तुमचं आहे ना जिवंत?" मॅडमनी विचारलं.

धसकेरावांनी पिशवी टेबलावर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच मॅडमपुढे त्यांची जीभ अडखळली नाही.

"आहे मॅडम," ते म्हणाले. "फक्त पिळून घ्यावं लागेल."