उरणमधलं स्वित्झर्लंड

जीवन म्हात्रेला एका गोष्टीची पक्की खात्री होती. युरोपची सहल ठरवायला त्याच्याइतका लायक माणूस अख्ख्या पनवेलात दुसरा नाही! आता हा गृहस्थ स्वतः युरोपला गेला नव्हता. गोव्याच्या पलीकडेसुद्धा गेला नव्हता. पण उरणच्या एका कंटेनर यार्डात तो सुपरवायझर होता, आणि युरोपला जाणारा माल रोज त्याच्या नाकासमोरून जायचा. त्यामुळे आपणही जवळजवळ तिकडचेच, असं त्याला वाटायला लागलं होतं.

"सगळ्यांना झेपेल अशी जागा शोधून दाखवतो," रविवारी जेवताना तो म्हणाला. "एकाचीही तक्रार येणार नाही!"

कालवण वाढून व्हायच्या आत तक्रारी आल्या.

"पप्पा, स्पेन," मुलगा भावेश म्हणाला. तो कॉलेजात होता आणि फुटबॉल सोडून जगात काही आहे, हे त्याला मान्य नव्हतं. "स्टेडियम दाखवा, बाकी मला हॉटेलवर सोडा."

"पॅरिस!" धाकटी रुचिरा ओरडली. "पॅरिस नसेल तर मी येतच नाही. फ्रेंड्सना काय सांगू?"

जीवनची आई ललिताबाई शांतपणे काटे बाजूला काढत होती. "तिथं भात मिलतो का रं?"

"मिळतो गं आये."

"आनि सुकट?"

"आये, विमानात सुकट उघडलीस तर पायलट खाली उडी मारेल!"

"मग कसला देश यो!" ललिताबाई म्हणाली आणि पुन्हा जेवायला लागली.

जीवनची बायको अरुंधती सगळ्यांना वाढत होती. ती शाळेत भूगोल शिकवायची. दरवर्षी नव्या मुलांना हिमनदी समजावून सांगायची, फळ्यावर छान आकृती काढायची. पण फ्रीजच्या वरच्या कप्प्यातला आणि मासळीबाजारातला सोडला, तर बर्फ तिने आयुष्यात पाहिला नव्हता. मध्यंतरी एका पोराने वर्गात विचारलं होतं, "टीचर, बर्फावर चाललं की आवाज येतो का?" तिने हो म्हणून सांगितलं आणि घरी येऊन फ्रीजमधला बर्फ बोटाने दाबून पाहिला होता.

"मला बर्फ बघायचाय," ती हळूच म्हणाली. "खरा. पायाखाली करकरणारा."

अरुंधतीने स्वतःसाठी काही मागितल्याचं कुणाला आठवतच नव्हतं. भावेशने तर हातातला घास खाली ठेवला.

ट्रॅव्हल्सवाल्यांकडे दोन सहली शिल्लक होत्या. एक पॅरिस आणि स्वित्झर्लंडची, दुसरी स्पेन आणि इटलीची, उन्हातली. पाच जागा त्यांनी पुढच्या आठवड्यातल्या सोमवारपर्यंत धरून ठेवल्या होत्या. स्वित्झर्लंडमध्येही फुटबॉल खेळतात म्हटल्यावर भावेश विरघळला. अडचण एकच उरली, ललिताबाई. ही बाई भर मे महिन्यात पंख्याखाली शाल घेऊन बसायची.

"आईंना थंडी सोसणार नसेल तर बर्फ नको," अरुंधती म्हणाली. "त्यांना एकटं ठेवून मी नाही जायची. स्पेनचंच सांगा."

एवढं बोलून ती भांडी घासायला गेली, आणि भांड्यांचा आवाज जरा जास्तच यायला लागला. जीवनला ते सहन होईना. बायकोने इतक्या वर्षांत एक गोष्ट मागावी आणि आपण ती पंख्याखालच्या शालीपायी घालवावी?

"ट्रायल घेऊ!" तो गरजला. यार्डात ट्रायल घेतल्याशिवाय तो साधी क्रेन हलू देत नसे. इथे तर सख्खी आई युरोपला पाठवायची होती. "आपल्या अंकुशचं मच्छीचं कोल्ड स्टोरेज आहे ना उरणला? तिथे जो टिकेल, तो स्वित्झर्लंडला टिकेल!"

शनिवारी सगळी वरात गाडीत बसून उरणला निघाली. मार्चचं ऊन असं तापलं होतं की गाडीच्या सीटला हात लावायची सोय नव्हती. आणि मागच्या सीटवर अरुंधती सासूला स्वेटर चढवत होती. सासू पास झाली तरच बर्फ दिसणार होता, त्यामुळे तिने घरातलं एकूण एक लोकरीचं कापड आणलं होतं. दोन स्वेटर, भावेशचं हूडी, रुचिराचं जॅकेट, वर शाल, त्यावर माकडटोपी. मधूनमधून नऊवारीचा काठ दिसायचा म्हणून आत माणूस आहे हे कळायचं.

"सूनबाई, मी शिजले गं आता," टोपीतून आवाज आला.

"थोडं सोसा आई. आत गेल्यावर बरं वाटेल."

अंकुश हा जीवनचा शाळेतला दोस्त. त्याने वरात बघितली आणि कपाळाला हात लावला. "वैनी, तुमचं स्वेटर कुठंय?"

"मला थंडी वाजतच नाही!" अरुंधती म्हणाली. तिच्या अंगावर सुती ड्रेस आणि ओढणी होती. घरात आणखी स्वेटर उरलंच नव्हतं.

"जीवन्या, तुला तरी जॅकेट देऊ?"

"जॅकेट घालून ट्रायल?" हाफ शर्टातला जीवन तुच्छतेने हसला. "ती काय ट्रायल झाली!"

अंकुशने जाड दार ओढलं, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा बाजूला केला आणि सगळे आत शिरले. रुचिराने एक सेल्फी काढला, नाक दाबलं आणि बाहेर पळाली. बहिणीला सोबत म्हणून भावेशही गेला. तसं त्याने सांगितलं तरी.

"हे बघा," जीवन माशांच्या खोक्यांकडे हात करून म्हणाला, "हे समजा झालं झ्यु... झ्यु... झ्युरिक." त्याचे दात आपापसात भांडायला लागले होते. कानांच्या पाळ्या आहेत की गळून पडल्या, हे तो चाचपून बघायला लागला. "तुम्ही थांबा. मला ऑफिसचा फोन येतोय."

तो बाहेर आला.

"पप्पा," भावेश म्हणाला, "आत रेंज नाहीये."

जीवन उत्तर देणार, तेवढ्यात बाहेरच्या दमट हवेने त्याच्या चष्म्यावर धुकं साचलं. काही दिसेना. 'मला काही झालेलं नाही' हे दाखवायला तो ताठ मानेने चार पावलं चालला, वाटेतल्या हातगाडीला अडखळला आणि गाडीतल्या फोडलेल्या बर्फात बुडावर बसला. साधासुधा नाही, पार कोपरापर्यंत रुतला!

"अयाया! उचला, उचला!"

अंकुश धावला, कामगार धावले, पोरं हसत हसत धावली. एकाने हात धरला, दुसऱ्याने पाय, आणि जीवन म्हात्रे मोठ्या माशासारखा वर निघाला. त्याला उन्हात उभं केलं, एक फडका दिला, चहा मागवला. या गडबडीत बराच वेळ गेला आणि मग रुचिरा एकदम म्हणाली, "अरे, मम्मी आणि आजी?"

ओल्या पँटीनिशी जीवन अंकुशमागून आत धावला.

ललिताबाई एका उपड्या खोक्यावर बसून समोरच्या भल्यामोठ्या जिताडा माशाकडे माहेरचं माणूस भेटल्यासारखी बघत होती. शेजारी अरुंधती हाताची घडी घालून उभी. तिचे ओठ जांभळे पडले होते.

"आई, न-निघायचं का?" अरुंधती विचारत होती.

"तुला निघायचा हाय का?"

"छे! मला छ-छान वाटतंय. तुम्हाला?"

"मना पन झ्याक."

"मग ब-बसू या."

"बसू की."

दोघी पुन्हा जिताड्याकडे बघायला लागल्या. हे असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे! 'पास! दोघी पास!' असं जीवनला ओरडायचं होतं, पण त्याचे दात पुन्हा सुरू झाले आणि तोंडातून नुसतं "प-प-प" निघालं. तेवढ्यात ललिताबाईने सहज सुनेचा हात धरला.

"अगो बाय माजे!" ती किंचाळली. "यो हात हाय का बरफाची लादी?"

मग ती जी उठली! माकडटोपी सुनेच्या डोक्यावर, शाल सुनेच्या गळ्यात, जॅकेट, हूडी, स्वेटर, सगळं भराभर सुनेच्या अंगावर गेलं. "सर रं मेल्या!" म्हणत दारातल्या जीवनला ढकललं आणि तिने सुनेला ओढत उन्हात आणलं.

चहाचा कप हातात आला तशी अरुंधतीला रडू फुटलं. "नाही जमलं मला. उगाच हट्ट केला मी. सोमवारी स्पेनचं सांगून टाका."

"कशाला?" ललिताबाई फणकारली. "मी तर कवाच उठनार होते. गुडघे धरले माजे. पन तू हलशील तर शप्पत! म्हटला, पोरीला बरफाची येवडी हौस हाय, आपन कशाला मोडता घालावा?"

"अहो, तुम्ही उठत नव्हता म्हणून मी उभी! तुम्ही बसलेल्या असताना मी कशी निघून येऊ?"

मग ललिताबाईच्या पोटातून हसू आलं, आणि माकडटोपीतल्या अरुंधतीलाही हसता हसता ठसका लागला. जीवनचे डोळे भरून आले. चष्म्याचं धुकं पुसतोय असं दाखवून त्याने ते पुसून घेतले.

"ऐका माजा," ललिताबाईने निकाल दिला. "ही नुसत्या ओडनीवर येवडा वेल उभी रायली. हिला सेटर घातला का डोंगर चडून जाईल! आनि मना खोका द्या बसाला, मी कुटं पन बसन. स्वित्झर्लंडचा सांग जीवन्या."

"बघितलंत?" जीवन खुशीत म्हणाला. "म्हणून ट्रायल घ्यावी लागते!" आणि त्याने अशी शिंक दिली की गाडीखालचं मांजर पळालं.

सोमवारी सगळे ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात गेले. जीवनचं नाक लाल, कान नव्या मफलरने बांधलेले, हातात रुमालांचा गठ्ठा. काउंटरवरच्या मुलीने स्वित्झर्लंडच्या पाच जागा पक्क्या केल्या. अरुंधती भिंतीवरच्या बर्फाच्या फोटोकडे बघत होती, आणि तिचा चेहरा बघून जीवनला आपला सगळा सर्दी-ताप वसूल झाल्यासारखा वाटला.

"एक विचारायचं होतं," मुलगी म्हणाली. "वर डोंगरावर फार थंडी असते. तुमच्यात कुणी नाजूक तब्येतीचं, वयस्कर आहे का? म्हणजे त्यांची खाली हॉटेलात बसायची सोय करता येईल."

"हो, आहे ना," जीवन मोठ्या जबाबदारीने पुढे सरसावला. "आमच्यात एक..."

"यो," ललिताबाई म्हणाली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "याला खाली बसवा, च्या पाजा. आमी वरशी जाऊन येतो."

मुलीने मफलरकडे बघितलं, रुमालांकडे बघितलं आणि आवाज एकदम मऊ करून विचारलं, "काकांना व्हीलचेअर लागेल का?"