जहागीरदारसरांची पहिली रजा

कुकटपल्लीच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात जहागीरदारसर अंगठा लावायच्या यंत्रालाही नमस्कार करायचे. "हाजिरी आधी मनाची, मग अंगठ्याची," म्हणत तपासणी खात्यातल्या आम्हा सहाजणांना ते रोज दोन मिनिटं डोळे मिटून उभं करायचे. तपासायला आलेल्या पंपाला "ये बाबा" म्हणायचे आणि तो पास झाला की "सुखी राहा."

नोकरी सोडणं हा प्रकार त्यांना मान्यच नव्हता. आमच्या खात्यातली फरहीन दुसऱ्या कंपनीत जाऊन दोन वर्षं झाली, तरी कोणी विचारलं की सर सांगायचे, "रजेवर आहे." मोहननं राजीनामा दिला, तर महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. काही सांगायचं असलं की चिठ्ठी लिहायचे. मोहनचं टेबल त्यांच्या टेबलाला लागूनच होतं.

आणि मी तीन दिवस पर्समध्ये राजीनामा घेऊन हिंडत होते! सकाळी डोळे मिटले की मला तो कागदच दिसायचा. मला सगळं काम सरांनीच शिकवलं होतं. चौथ्या दिवशी डबा खाताना धीर करून कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"रजेचा अर्ज?"

"नाही सर. राजीनामा."

आजूबाजूच्यांचे घास हातातच राहिले. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"इथं काही कमी पडलं?"

"नाही सर. तिथं डिझाइनचं काम मिळतंय. मला तेच करायचं होतं."

"हौ," एवढंच म्हणाले. सही केली आणि अर्धा डबा तसाच बंद करून उठले.

माझ्या शेवटच्या दिवशी सर आलेच नाहीत. एकवीस वर्षांत पहिल्यांदा! फोनही उचलेनात. माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. दुपारीच रिक्षा केली आणि चिक्कडपल्लीला त्यांचं घर गाठलं. चारदा बेल वाजवल्यावर दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, गळ्यात ओळखपत्र.

"बरं नाही का, सर?"

"बरा आहे गं. सकाळीच तयार झालो. तीनदा दारापर्यंत आलो. पाय निघेना."

घरात दुसरं कोणीच नव्हतं. मला खरं तर "येते" म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "सर, चहा द्याल?"

ते लगबगीनं स्वयंपाकघरात गेले. चहा लगेच उकळला. दुसरा कप शोधायला मात्र त्यांना फार वेळ लागला.