बेटावरचं पावणं

बंडातात्या "शांतता" हा शब्द उच्चारायचे तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली कबुतरं उडायची. शिरोलीच्या फाउंड्रीतल्या खडखडाटात उभी हयात गेली. त्यात कान गेले, आणि त्याची भरपाई गळ्यानं केली. फुटबॉलच्या मॅचला पेठेतली पोरं त्यांना मुद्दाम समोरच्या संघाच्या गोलमागं नेऊन बसवायची.

हे माझे शेजारी, भिंतीला भिंत लागून. केबल आली आणि या गृहस्थांना निर्जन बेटांचं वेड लागलं. टीव्हीवर कासवं अंडी घालायची, पक्षी माणसाच्या पायाशी निवांत बसायचे, आणि भिंतीपलीकडून आम्हाला फुकटात समालोचन मिळायचं.

"पळतच न्हाई की ते! माणसाचं वारंच लागलेलं न्हाई. माणूस लई वंगाळ जात."

निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "मी बेटावर जाणार."

तात्यांच्या बायको, आमच्या काकू, भाकरी थापत होत्या. "कशाला? नाग असत्यात."

काकूंचं माहेर बिद्रीकडचं. तिकडं बेट म्हणजे कळकाचं, बांबूचं. समुद्राचा खुलासा होईपर्यंत माउलीनं कोयत्याला धार लावून ठेवली होती.

सोबतीला तात्यांनी मला धरलं. कोकणात एका मच्छीमाराची होडी ठरवून आम्ही लांबच्या ओसाड खडकाकडं निघालो. "आवाज करायचा न्हाई हं!" असं तात्या वाटभर बजावत होते. नावाड्याच्या हातून वल्हं सुटता सुटता राहिलं.

खडकावर पाय ठेवताच ते गरजले, "या जागंला माणसाचा आवाज म्हाईतच न्हाई!" आणि लगेच माहीत करून दिला. सगळे पक्षी एकदम आभाळात गेले. तात्यांचा चेहरा पडला.

एक सुरय पक्षीण मात्र कपारीत अंड्यावर बसून राहिली. तात्या हातभर अंतरावर उकिडवे बसले. ती त्यांच्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांत मी तात्यांना पहिल्यांदाच कुजबुजताना ऐकलं.

"बसा पावणं. उठू नका."

परतीच्या होडीत ते मागं खडकाकडं बघत बसले. मग म्हणाले, "मी घरात पाऊल टाकलं की नात उठून आत पळती. सून भांडी घिऊन मागं जाती. त्यांचा काय दोष? माझा आवाजच तसला. पन ही बसली की रं."

 थट्टेची सवय बाजूला ठेवून मी त्यांच्याजवळ सरकून बसलो.

कोल्हापुरात परतल्यावर भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. गल्ली बेचैन. तात्या आजारी आहेत का, असं जो तो मला विचारायला लागला. एकानं तर लांबच्या पावण्यांना कळवायचं का, म्हणूनही विचारलं.

न राहवून एका संध्याकाळी मी डोकावलो. टीव्हीवर कासवं चालली होती, आवाज बंद. तात्या भिंतीला टेकून बसले होते आणि नात त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. मी हाक मारणार, तोच त्यांनी हात वर केला.

"हळू. उठंल."

"कवापासनं बसलाय?" मी खुणेनं विचारलं.

"पायाला मुंग्या आल्यात," तात्या कुजबुजले. "पन हलत न्हाई."