मोटर गारठली आहे, सल्ला नको!

मासेमारीच्या हंगामाचा पहिला दिवस मे महिन्यात ठेवणारे जे कोणी साहेब राजधानीत बसले आहेत, त्यांच्यावर माझा सरळ आरोप आहे. तुम्ही जन्मात कधी भल्या सकाळी दोरी ओढून बोटीची मोटर चालू केलेली नाही! खोलीत हीटर, बुडाखाली गादी, समोर कॅलेंडर. त्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "हा शनिवार बरा दिसतो." अहो, बरा कुणाला? आमच्या उत्तर मिनेसोटात त्या शनिवारी तळ्याच्या सावलीतल्या कडेला अजून बर्फाचे पापुद्रे तरंगत असतात! यंदा जे झालं त्यावरून अख्खं गाव मला हसतंय, आणि खरा गुन्हेगार तिकडे उबेत बसून कॉफी पितोय. म्हणून हे लिहितोय. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील तर खुशाल काढा, माझं काही बिघडत नाही.

मी ऑरिन. हिवाळाभर काउंटीचा बर्फ हटवायचा ट्रक चालवतो. ज्या थंडीत माणसाची थुंकी जमिनीवर पडण्याआधी खडा होते, त्या थंडीत मी डिझेलचं इंजिन चालू केलेलं आहे. तेव्हा गारठलेलं इंजिन म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. आणि नेमकं हेच मी गावातल्या कॅफेत, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणालो. तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

विषय होता माझे सासरे इंगवाल्ड यांचा. पानगळीच्या दिवसांत ते पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि सगळा हिवाळा वृद्धाश्रमाच्या खिडकीत बसून काढला. म्हाताऱ्याची एकच इच्छा: पहिल्या दिवशी एक वॉलआय. हो, तोच तो काचेच्या डोळ्यांचा मासा. स्वतःच्या हातानं. आश्रमातली नर्स म्हणाली, "न्या, पण दुपारच्या जेवणाला परत आणा. नाहीतर पुन्हा सोडणार नाही."

आता माझा साडू ड्वेन. त्याच्याकडे नवी कोरी बोट. बटण दाबलं की मोटर मांजरासारखी गुरगुरते. तो कॅफेतूनच आश्रमात फोन लावून सासऱ्यांना म्हणाला, "बाबा, माझ्या बोटीत चला. गादीची खुर्ची आहे, कप ठेवायला भोक आहे."

"बाबा त्यांच्या स्वतःच्या मोटरवर जाणार!" मी टेबलावर हात आपटला. ती जुनी मोटर सासऱ्यांनीच मला दिलेली. "आणि ती पहिल्या नाहीतर दुसऱ्या ओढीला चालू होणार! आणि आत्ताच सांगून ठेवतो, लँडिंगवर मला कुणी सल्ला द्यायचा नाही! कुणीही! एक शब्दसुद्धा!"

सासऱ्यांनी फोनवरून आम्हा दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी ऑरिनबरोबर जातो. त्याच्या बोटीत काही ना काही होत असतं."

तेव्हा मला तो माझा गौरव वाटला.

शनिवार उजाडला. लँडिंगवर, म्हणजे तळ्यात बोटी सोडायच्या जागी, गाड्यांची रांग, नाकातोंडातून वाफा, हातात कॉफी. सासऱ्यांना धरून धरून धक्क्यावरून बोटीत बसवलं. अंगात दोन कोट, डोक्यावर कानपट्ट्यांची नारिंगी टोपी, मांडीवर घोंगडी, हातात गळाची काठी. सहा महिन्यांनी पाणी बघणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो ते सांगता येत नाही. मी बोटीची दोरी धक्क्याला बांधून ठेवली. आधी मोटर, मग दोरी सोडायची. शिस्त म्हणजे शिस्त! धक्का चाकांवरचा. हिवाळ्यात काठावर ओढून ठेवतात, मेमध्ये पुन्हा पाण्यात ढकलतात. यंदा तो नुकताच ढकलला होता आणि त्याचे पाय तळात रुतवायचे राहिले होते, कारण त्या पाण्यात उतरायची कुणाची छाती नव्हती. हेही राजधानीच्या हिशेबात मांडा.

हातात अर्थात हातमोजे. आणि इथे माझ्या अकलेचं कौतुक करायला हवं. जानेवारीत गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरताना माझा उजवा हातमोजा त्या भोकातून थेट तळ्याच्या पोटात गेला. तेव्हापासून नवा हातमोजा मी बाहीला बांधून ठेवलाय. गराजमध्ये खिळ्यावर एक लाल, पिळाची, स्प्रिंगसारखी ताणणारी दोरी टांगलेली सापडली. दोन्ही टोकांना छान चिमटे. जणू देवानं हातमोज्यासाठीच बनवलेली! हातमोजा काढला की बाहीला लटकतो. हरवायचं नाव नाही.

मी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबला. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू सैल केला. चोक ओढला. हातमोजा काढला, दोरी धरली, ओढली.

फुर्रर्र... थप!

फुर्रर्र ही मोटर. थप हा हातमोजा, माझ्याच थोबाडावर.

पुन्हा. फुर्रर्र, थप! पुन्हा. फुर्रर्र, थप! मोटर गप्प.

मागून लेस्टर आला. गावाचा निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं हाताळली, पण तोंडातून एक बातमी सांडली नाही, असा माणूस. त्यानं मोटरकडे पाहिलं. माझ्या बाहीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"थंडी आहे," लेस्टर म्हणाला.

"आहे."

"मोटर..."

"मोटरचं काय?" मी डोळे वटारले.

"काही नाही. रंग छान आहे." मग कॉफीचा घोट घेऊन म्हणाला, "हातमोजा वेगळाच आहे."

"माझी कल्पना!"

"हं. वेगळीच आहे." आणि तो सासऱ्यांकडे वळला. "काय इंगवाल्ड, कसा आहेस रे?"

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्याच्या घराला आग लागली तरी आम्ही दारात जाऊन म्हणतो, "आज घरात ऊब बरी दिसते." माणसाला त्याच्या मोटरबद्दल न विचारता काही सांगणं म्हणजे त्याच्या आईबापांचा उद्धार. आणि मी तर कॅफेत उघड उघड दम भरलेला! रांगेतला एकेक जण धक्क्यावर येई, मोटर बघे, माझी बाही बघे, हवेबद्दल बोले, मग सासऱ्यांशी हात मिळवून गप्पा मारत बसे. दमलेल्या बैलासारखा धापा टाकत मी दोरी ओढतोय आणि शेजारी म्हातारा दरबार भरवून बसलाय!

इतका चोक ओढून मोटर पेट्रोल पिऊन तर्र झाली. वास सुटला. मी प्लग काढले, ओले. कुणाच्या तरी स्टोव्हवर तव्यात ते परतून घेतले, कांदा परततात तसे. मग एक प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून दोरी ओढली. ठिणगी नाही! काजव्याएवढीसुद्धा नाही!

"कॉइल गारठली!" मी जाहीर केलं. "तिला ऊब पाहिजे!"

लेस्टरनं फक्त टोपी काढून पुन्हा घातली.

मी सासऱ्यांची घोंगडी ओढून मोटरला गुंडाळली. तेवढ्यात ड्वेन धक्क्यावर आला. हातात माझ्या बायकोनं, मार्लिसनं, सगळ्यांसाठी पाठवलेलं हॉटडिश. खाली खिमा, वर बटाट्याच्या कुरकुरीत वड्या, ओव्हनमधून नुकतंच काढलेलं, वाफा येताहेत.

"ते इकडे दे!"

"खायला?"

"मोटरला!"

ड्वेननं निमूटपणे दिलं. बाळंतिणीला शेक देतात तसं ते भांडं मी मोटरच्या डोक्यावर ठेवलं आणि वरून घोंगडी टाकली. ड्वेन माझ्या बाहीकडे टक लावून बघत होता. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बोल ना, साडूभाऊ! सल्ला द्यायचाय?"

"छे! मी कशाला," ड्वेन म्हणाला. "तुझं चालू दे." आणि मेल्याला इतका आनंद झाला होता की त्याला बसायला जागा शोधावी लागली.

प्लग बसवून मी पुन्हा ओढायला लागलो. फुर्रर्र, थप! फुर्रर्र, थप! सूर्य झाडांच्या वर आला. दुपारचं जेवण धावत जवळ येत होतं. माझ्या डोळ्यांसमोर नर्स उभी राहिली. म्हातारा रिकाम्या हातानं परत जाणार, पुन्हा त्या खिडकीत बसणार, आणि पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत त्याचं काय होईल कुणी सांगावं? माझा हात ढिला पडला.

"ओढ!" मागून सासऱ्यांचा आवाज. "थांबू नकोस! ओढ!"

काय सांगू! जगात कुणाचा तरी माझ्यावर विश्वास होता! मी ओढली.

"जोरात! आणखी जोरात! शाब्बास जावईबापू!"

मी देहभान विसरून ओढत सुटलो. बोट पाळण्यासारखी हिंदकळत होती. आणि एकदम मागे गलका उठला. वळून बघतो तर सासऱ्यांच्या गळाची काठी कमानीसारखी वाकलेली, दोन्ही कोटांच्या बटणांवर ताण, आणि पाण्यातून वर येतोय सोन्याच्या रंगाचा, काचेच्या डोळ्यांचा, कोपरापर्यंत भरेल एवढा वॉलआय! लेस्टरनं जाळं घातलं. धक्का टाळ्यांनी दणाणला.

"तू ओढलंस की बोट डुलते," सासरे मला समजावून सांगू लागले, "बोट डुलली की आमिष वरखाली नाचतं. तू थांबलास की मासा निघून जायचा. म्हणून म्हणत होतो, ओढ."

म्हणजे तो विश्वास नव्हता. मी आमिष नाचवायचं यंत्र होतो!

तेवढ्यात मार्लिस आली. वडिलांना न्यायची वेळ झाली होती. तिनं मासा पाहिला, वडिलांचा मुका घेतला. मग घोंगडी उचलली आणि मोटरवर बसलेलं आपलं हॉटडिश पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या बायकोला ना रीत लागू, ना कॅफेतला दम.

"ऑरिन," ती म्हणाली, "मोटरची सुरक्षेची दोरी तू हातमोज्याला का बांधलीयस?"

मी बाहीकडे पाहिलं. लाल दोरी. पिळाची. टोकाला चिमटा. बोट चालवणाऱ्यानं एक टोक अंगाला अडकवायचं, दुसऱ्या टोकाचा चिमटा मोटरच्या लाल बटणाखाली. माणूस पाण्यात पडला की चिमटा निघतो आणि मोटर बंद. आणि चिमटा जागेवर नसेल, तर ठिणगी पडत नाही. काजव्याएवढीसुद्धा नाही.

मी धक्क्यावरच्या सगळ्यांकडे वळलो.

"तुम्हाला दिसत होतं?" मी ओरडलो.

"म्हणजे," लेस्टर बुटांकडे बघत म्हणाला, "दिसत नव्हतं असं नाही."

"बाबा! तुम्हाला?"

"मोटर माझी होती रे," सासरे म्हणाले. "बोटीत पाय ठेवला तेव्हाच दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू नको म्हणालास. आणि मोटर चालू झाली असती तर तू मला तळ्याच्या त्या टोकाला नेलं असतंस. तिथे तू आणि मी. इथे सगळं गाव भेटलं. हिवाळाभर गावातलं माणूस बघितलं नव्हतं मी."

डोळ्यांत पाणी आलं ते थंडीनं. लाल दोरीचा हातमोज्याकडचा चिमटा काढून मी बटणाखाली खटकन बसवला. दुसरं टोक होतं तसंच बाहीला. ड्वेननं हॉटडिश उचलून धक्क्यावर नेलं. मी दोरी ओढली. एकच ओढ!

धाड! मोटर गर्जली. निळा धूर! पहिल्या ओढीला! मी कॅफेत काय म्हणालो होतो? आनंदाच्या भरात मी गिअर टाकला आणि मूठ पूर्ण पिळली.

बोट धक्क्याला बांधलेली होती.

आणि धक्का चाकांवर होता.

धक्का निघाला! लेस्टर, कॉफीचे थर्मास, आणि एक पाय धक्क्यावर, एक पाय काठावर असलेला ड्वेन. त्याच्या दोन पायांमधलं अंतर वाढत गेलं, वाढत गेलं, आणि माझा साडू कमरेइतक्या बर्फाळ पाण्यात उभा! पण हॉटडिश दोन्ही हातांनी डोक्याच्या वर.

"भांडं सांभाळ!" मार्लिस काठावरून किंचाळली. "आईचं आहे!"

हिसक्यानं मी उताणा पडलो, चिमटा निघाला, मोटर बंद. त्या दोरीनं दिवसभरात केलेलं हे पहिलं आणि शेवटचं काम. तरंगत्या धक्क्यावरून लेस्टर म्हणाला, "हे काहीतरी वेगळंच झालं."

आणि इंगवाल्ड हसले. असे हसले की नारिंगी टोपी पाण्यात पडली. सहा महिन्यांत ते हसल्याचं मी ऐकलं नव्हतं. हॉटडिशला पेट्रोलचा किंचित वास होता, पण सगळं संपलं, ड्वेननं तर दोनदा घेतलं. म्हातारा जेवणाला वेळेवर पोचला. मासा त्यांनी नर्सच्या टेबलावरच ठेवला.

गाव म्हणतं, चूक ऑरिनची. मी म्हणतो, नीट विचार करा! मोटर चालू का झाली नाही? दोरी हातमोज्याला होती म्हणून. हातमोजा का घातला होता? थंडी होती म्हणून. मग मोटर थंडीनंच अडली की नाही? आणि त्या थंडीत आम्हाला पाण्यावर कुणी धाडलं? राजधानीतल्या साहेबांनो, हा दिवस जूनमध्ये ढकलायचा की नाही, ते लेखी कळवा. आणि ड्वेनची नवी पँट कोण देणार, तेही कळवा. उत्तर पाहिजे!

फक्त उत्तर कॅफेच्या पत्त्यावर पाठवू नका. तिथे ते मोठ्यानं वाचून दाखवतात.